रेड, रोट, रउदुर आणि आपला लोहार: एका तारांकित विशेषणाचा धागा

टिपकागद

'तांबडा' या अर्थाचं आद्य जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश वगैरेंची आईभाषा) विशेषण *रउदज्. शेवटचा ज् 'जरा'तला, 'जय'मधला नव्हे. आधीचा तारा शोभेचा नाही. हे रूप कुठल्या शिलालेखात किंवा पोथीत मिळालेलं नाही, लेकींच्या तोंडवळ्यावरून आईचा चेहरा काढलाय, एवढंच तो सांगतो. काळ साधारण इ.स.पू. ५००च्या पुढेमागे, जागा डेन्मार्क, दक्षिण स्वीडन आणि उत्तर जर्मनीचा पट्टा.

रूप कसं बांधतात ते आधी मांडतो, वाद नंतर घालू.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक शाखेतलं सगळ्यात जुनं रूप घेणं. आजची रूपं घेतली की घोळ होतो, कारण कसा ते खाली येईल. जुनी रूपं अशी: जुनी नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची भाषा, रउदर् (यातला द मऊ, इंग्रजी 'दॅट'च्या सुरुवातीसारखा), जुनी इंग्रजी रॅअद (पहिला स्वर दीर्घ), जुनी फ्रिजियन राद, जुनी सॅक्सन रोद, जुनी उच्च जर्मन रोत. गॉथिकमध्ये (ही जर्मानिकची आता मेलेली पूर्वेकडची शाखा) रउथ्स.

दुसरं काम स्वराचं. नॉर्स अउ, इंग्रजी अॅअ, फ्रिजियन आ, सॅक्सन ओ. एकाच शब्दावरून निकाल देऊ नये, पडताळ्याला दुसरे शब्द लावावेत. 'डोळा' घ्या: नॉर्स अउगा, इंग्रजी अॅअगे, सॅक्सन ओगा. 'भाकरी/पाव' घ्या: नॉर्स ब्रउद, इंग्रजी ब्रॅअद, सॅक्सन ब्रोद. तोच साचा. तेव्हा मूळ स्वर अउ.

तिसरं, व्यंजन. बाकी सगळीकडे द (किंवा मऊ द) आणि फक्त उच्च जर्मनमध्ये त. उच्च जर्मनने द चा त सगळीकडेच केला आहे (इंग्रजी डे, जर्मन टाग), म्हणून मूळ द.

चौथं, प्रत्यय. नॉर्समध्ये -र्, गॉथिकमध्ये -स्, पश्चिमेकडच्या भाषांत काहीच नाही. या तिघांना पोटात घेणारा एकच ध्वनी बसतो, तो ज्. त्यामागचा, म्हणजे ज् च्या आधीचा, अ कुठून आला हे विचारायला कुणीतरी येईलच.

---

ओसरी

आलोच. मागचा अ कुठून आला? एकाही लेकीत तो दिसत नाही, मग आईच्या तोंडी कसा घातला?

दुसरा प्रश्न: आपले रक्त, रंग, लाल हे या कुळात आहेत का? आवाज तर अगदी सारखा आहे.

---

उत्तररात्र

अ ला दोन साक्षीदार आहेत, आणि दोन्ही पक्के.

एक, गालेहुसचं सोन्याचं शिंग. डेन्मार्कमध्ये १७३४ साली सापडलं, साधारण इ.स. ४००चं. त्यावर रून लिपीत कारागिराने स्वतःचं नाव कोरलं होतं: एक ह्लेवागास्तिज् होल्तियज् होर्ना तविदो, म्हणजे 'मी होल्टचा ह्लेवागास्तिज्, शिंग घडवलं'. 'होल्तियज्' मधला -अज् डोळ्यांनी वाचता येतो. १८०२ साली चोराने ते शिंग पळवून वितळवलं, पण चित्रं आधीच काढून ठेवलेली होती म्हणून अक्षरं वाचली.

दुसरा साक्षीदार फिनिश. ही भाषा भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मानिक वगैरेंचं मोठं कूळ) नाही, शेजारीण आहे. तिने जर्मानिक शब्द फार पूर्वी उसने घेतले आणि नंतर जवळपास हात लावला नाही. 'राजा'ला फिनिशमध्ये आजही कुनिंगास म्हणतात, मूळ *कुनिंगज्. इंग्रजीत त्याचा किंग झाला, शेपूट गळून पडलं. उधार नेलेली पातेली शेजारणीने जपली आणि आपल्या घरातली झिजली, तसलाच प्रकार.

---

टिपकागद

@ओसरी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तिन्ही नाहीत.

रक्त आणि रंग हे रञ्ज् धातूचे, मूळ अर्थ रंगणे, रंगात बुडणे. त्यात ज्/ग् आहे, द-ध नाही. लाल फारसीतून आला, तिथे लाल म्हणजे माणिकासारखा तांबडा खडा. 'र' ने सुरू होतो आणि तांबडा अर्थ आहे, एवढ्यावर नातं जोडायचं ठरवलं तर उद्या रताळंही या कुळात येईल.

आपल्याकडे खरे नातेवाईक आहेत, पण ते वेगळ्या वेशात. पाठभेद येतील त्यावर.

---

पाठभेद

आलो. आधी मुळाशी जाऊ. आद्य भारोपीय मूळ *ह१रेउध्-. सुरुवातीचा ह१ हा घशातला एक ध्वनी, बहुतेक शाखांत तो नुसता नाहीसा झाला. ग्रीकने मात्र त्याची खूण ठेवली: एरुथ्रोस, 'तांबडा'. तो सुरुवातीचा ए म्हणजे ह१ चा उरलेला ठसा.

या मुळापासून दोन वेगवेगळी विशेषणं निघाली, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिलं *ह१रुध्रोस्. यात मुळाचा स्वर आखडलेला (उ) आणि पुढे -रो- प्रत्यय. त्याचे वंशज: संस्कृत रुधिर, ग्रीक एरुथ्रोस, लॅटिन रुबेर, तोखारी रत्रे. रुधिर आधी विशेषण, 'तांबडं'. 'रक्त' हा अर्थ नंतर चिकटला. महाराष्ट्री प्राकृतात त्याचं रुहिर झालं, दधिचं दही झालं तसंच.

दुसरं *ह१रोउधोस्. यात स्वर ओउ, प्रत्यय साधा -ओ-. *रउदज् चा बाप हा. ओ चा अ, ध चा द, -ओस् चा -अज्. आयरिश रूअ, वेल्श रूद, लिथुआनियन रउदस हे त्याचे सख्खे भाऊ.

म्हणून 'रेड हा शब्द रुधिरपासून आला' असं जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते दोनदा चुकीचं आहे. एक तर 'पासून' नाही, दोन्ही एका तिसऱ्यापासून. आणि दुसरं, रुधिर हा रेडचा भाऊसुद्धा नाही, चुलत आहे.

---

मधली_सुट्टी

मग संस्कृतात सख्खा भाऊ कोण? की तो घर सोडून गेला?

---

पाठभेद

घरातच आहे. लोह.

ध्वनी एकेक करून लावून बघा. *ह१रोउधोस् मधला ओउ संस्कृतात ओ होतो. -ओस् चा -अस्, म्हणजे आपला विसर्ग. नियमाने 'रोधः' व्हायला हवं. मग दोन गोष्टी झाल्या. र-ल ची अदलाबदल वेदकाळापासूनच आहे: रोहित आणि लोहित शेजारी शेजारी नांदतात. आणि दोन स्वरांमधल्या ध चा ह होणं हेही वेदातच सुरू झालंय: धा धातूचं 'हित' बघा, 'धित' नाही. तेव्हा रोध, रोह, लोह. बहुतेक अभ्यासक लोहाचं मूळ असंच लावतात, आणि श्रौतसूत्रांत लोह हे विशेषण 'तांबूस' अर्थाने वापरलेलंही आहे. अवेस्ताची (पारशांचा जुन्या इराणी भाषेतला ग्रंथ) साक्ष पाहिजे तर तिथे रोहितचा जोडीदार रओइदित आहे, त्यात मऊ द टिकून आहे. म्हणजे ह च्या जागी पूर्वी ध होता हे नुसतं आपण म्हणत नाही.

म्हणून लोहः आणि *रउदज्. विसर्गाच्या जागी ज्, ह च्या जागी द, ओ च्या जागी अउ. एकही ध्वनी सारखा दिसत नाही आणि शब्द तोच.

धातू म्हणून लोह आधी तांबं होतं. वाजसनेयी संहितेत चमकातली ओळ आहे (१८.१३): हिरण्यं च मेऽयश्च मे श्यामं च मे लोहं च मे सीसं च मे त्रपु च मे। श्याम आणि लोह वेगवेगळे मागितले आहेत. काळं ते लोखंड, तांबडं ते तांबं असा अर्थ लावतात. छांदोग्यात (६.१.५-६) तर लागोपाठच्या दोन वाक्यांत 'लोहमणि' आणि 'कार्ष्णायस' आलेत. नखं काढायची नखनी कार्ष्णायसाची, काळ्या धातूची. तिथल्या लोहमण्याचा अर्थ शंकराचार्य सोनं घेतात. काही असो, लोखंड नक्की नाही.

नंतर लोह म्हणजे कुठलाही धातू झाला आणि शेवटी फक्त लोखंड. लोहकार म्हणजे लोहार. रंग नावातून उडाला, नाव राहिलं.

---

ओसरी

चमक शेकडो वेळा कानावर पडलंय, ही ओळ अशी कधी ऐकली नव्हती. धन्यवाद.

मग रोहिणी नक्षत्र? आणि आरोह-अवरोहातला रोह?

---

पाठभेद

रोहिणी नक्की याच कुळातली. रोहितचं स्त्रीलिंगी रूप रोहिणी, जसं हरितचं हरिणी. नक्षत्रातला मुख्य तारा नारिंगी-तांबडा दिसतोच. तांबड्या गायीलाही रोहिणी म्हणत. रोहू मासाही रोहितच.

आरोह मात्र नाही! इथे संस्कृत आपल्याला फसवते. 'वाढणे, चढणे' हा रुह् धातू *ह१लेउध्- या वेगळ्या मुळाचा. संस्कृतात ल चा र झाला आणि दोन मुळं एकमेकांवर बसली. फक्त संस्कृत बघून ती सुटी करता येत नाहीत. जर्मानिकने र आणि ल वेगळे ठेवले: एकीकडे *रउदज्, दुसरीकडे *लेउदिज् 'माणसं', ज्याचं आजचं जर्मन रूप लॉइट. गॉथिक लिउदान म्हणजे 'वाढणे'. आरोहचा भाऊ लॉइट, रोहितचा भाऊ रोट.

उलटीकडे लिथुआनियन दुसऱ्या ठिकाणी फसवते. तिथे रउदस 'तांबूस' आणि रउदा 'विलाप'. बाल्टिकमध्ये द आणि ध एक झाले, म्हणून ही दोन एका ओळीत आली. संस्कृत त्यांना सोडवते: रुद् 'रडणे' मध्ये साधा द, रुधिर मध्ये ध. जर्मानिकमध्येही 'रडणे'ला त आहे, जुनी इंग्रजी रेओतान. साधा द तिथे त होतो आणि ध द होतो.

---

जुनी_वही

वाचनखूण साठवली. दोन दुरुस्त्या, त्यातली एक मोठी.

छोटी आधी. टिपकागद यांनी गॉथिक 'रउथ्स' बिनतारा दिलाय. कोशात तसा असतो खरा, पण गॉथिक मजकुरात हे विशेषण एकदाच येतं, स्केइरेइन्स या योहानाच्या शुभवर्तमानावरच्या भाष्यात, आणि तेही चतुर्थी स्त्रीलिंगी: वुल्लइ रउदइ, 'तांबड्या लोकरीने'. प्रथमेचं रूप त्यावरून बांधलेलं आहे. स् च्या आधी द चा थ होतो या नियमाने ते पक्कं धरतात, तरी सापडलेलं नाही ते नाहीच.

मोठी अशी. "सगळीकडे द, म्हणून मूळ द" हे आद्य जर्मानिकपुरतं बरोबर आहे, पण तिथून मागे जाताना याच पायरीवर लोक घसरतात. जर्मानिक द दोन ठिकाणांहून येतो. एक भारोपीय ध पासून. हा ग्रिमचा नियम, १८२२. दुसरा भारोपीय त पासून, जर मूळ आघात (अक्षरावरचा उच्चाराचा जोर) त्या त च्या आधी नसेल तर. हा कार्ल व्हेर्नरचा, १८७५.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण *रउदज् च्या शेजारीच उभं आहे: *दउदज्, 'मेलेला'. दोन्ही शब्द अडीच हजार वर्षं यमक जुळवत चाललेत. रउदर्-दउदर्, रॅअद-दॅअद, रोत-तोत. आज रेड-डेड, रोट-टोट, स्वीडिश र्‍योद-द्योद, आइसलँडिक रउदुर-दउदुर. आतल्या पुराव्यावर कोणीही शपथ घेऊन सांगेल की दोघांचा द एकच.

नाही. दउदज् मागे *धोउतोस् आहे, -तोस् प्रत्ययाचं. मृत, गत, कृत यांच्यातला आपला -त हाच, आणि वेदात आघात त्याच्यावर आहे: मृतं, गतं. म्हणून तिथला द हा मूळ त. रउदज् चा द मात्र ध, कारण रुधिर आणि एरुथ्रोस तसं सांगतात. बाहेरची साक्ष नसती तर *ह१रोउतोस् असंही मूळ कोणी बांधलं असतं आणि त्याला खोडता आलं नसतं.

व्हेर्नरचा पुरावाही वेदाच्या आघातातूनच आला. भ्राता मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, पिता मध्ये शेवटच्या. गॉथिकमध्ये ब्रोथर पण फादर (मऊ द). संस्कृतात दोन्हीकडे त च.

---

टिपकागद

दोन्ही मान्य. गॉथिकच्या रूपाला तारा लावतो.

आता जर्मनबद्दल, कारण मी वर म्हटलं होतं की आजची रूपं घेतली की घोळ होतो. डच आणि जर्मन दोन्हींत आज उच्चार 'रोट'. सहज वाटेल की दोघांनी मिळून द चा त केला. कारणं वेगळी आहेत. जर्मनमध्ये त खरा बदललेला आहे: 'तांबडी' म्हणताना रोटे, त तसाच. डचमध्ये शेवटचं घोष व्यंजन (द सारखं) फक्त बोलताना अघोष (त सारखं) होतं. लिहिताना द च लिहितात आणि पुढे स्वर आला की रोदे, द परत येतो. म्हणून कोशातला एक शब्द उचलू नये, त्याची विभक्तीची रूपंही बघावीत.

आणि स्वर. सॅक्सन आणि डचने जवळपास प्रत्येक अउ चा ओ केला. उच्च जर्मनने निवडून केला: पुढे ह, र किंवा दाताजवळचं व्यंजन (त, द, स, न, ल) असेल तर ओ, नाहीतर ओउ. म्हणून रोट, टोट, ब्रोट, ओर 'कान', पण आउगे 'डोळा', बाउम 'झाड'. डचमध्ये मात्र रोट, ओख, बोम सगळेच ओ. जर्मन शिकणाऱ्यांना हे ओ-आउ उगाच दिलेलं वाटतं, त्याचं कारण असं पुढच्या व्यंजनात आहे.

---

मधली_सुट्टी

आणि इंग्रजांनी रॅअद मधला दीर्घ स्वर कुठे ठेवला?

---

टिपकागद

गाळला. मध्ययुगीन इंग्रजीत दीर्घ एॅ होता, मग द च्या आधी र्‍हस्व झाला. ब्रेड, डेड, हेड, लेड (शिसं) यांचं तेच झालं. फरक एवढाच की त्या चौघांच्या लिखाणात जुनं 'ई-ए' अक्षरांचं जोडपं राहिलं आणि रेडचं साधं 'ई' झालं. स्कॉटलंडमध्ये र्‍हस्व झालं नाही: तिथे 'रीड'. रीड हे आडनाव म्हणजे बऱ्याचदा तांबड्या केसांच्या कुणाचंतरी टोपणनाव. लंडनच्या पश्चिमेचं रेडिंग गाव 'तांबड्या'च्या माणसांचं; त्याचं स्पेलिंग वाचन या अर्थाच्या शब्दासारखं आहे म्हणून रीडिंग म्हणू नये.

रॅडक्लिफ म्हणजे 'तांबडा कडा'. जुन्या जोडशब्दात स्वर आणखी आधी आखडला म्हणून तिथे रॅड. १९४७ची ती भारत-पाकिस्तान सीमारेषा याच आडनावाची.

अवांतर: रॉटरडॅम यात नाही, ते रोटे नदीवरचं धरण. रोथशिल्ड आहे, फ्रँकफुर्टच्या घरावरची तांबडी ढाल. स्कॉटिश 'रॉय' (रॉब रॉय) हा आयरिश शाखेतल्या रूअचा अवतार, म्हणजे तांबड्या केसांचा. बंगाली रॉय हा राय, म्हणजे राजा. दोघांचा संबंध नाही.

---

भाता

लोह = तांबं वाचून लिहितोय. जर्मानिक बाजूलाही अगदी हेच झालंय, फक्त तांब्याचा टप्पा नाही.

फिनिशमध्ये लोखंडाला रउता म्हणतात, एस्टोनियनमध्ये रउद. जर्मानिक *रउद- वरून उसनं घेतलेलं. जर्मानिकांनी स्वतः लोखंडाला हे नाव दिलं नाही. त्यांचा शब्द *ईसर्नम्, बहुधा केल्टिककडून आलेला, त्याचं आज आयर्न आणि आइझन. मग फिनांनी 'तांबडं' उचललं कुठून? दगडावरून. जुन्या नॉर्समध्ये रउदी म्हणजे दलदलीतलं कच्चं लोहखनिज, आणि त्यापासून लोखंड काढण्याच्या कामाला आइसलँडिकमध्ये रउदाब्लास्तुर म्हणतात, 'तांबड्याची फुंकणी'. आइसलँडच्या वसाहतींची नोंद असलेल्या लांदनामाबोकमध्ये रउदा-ब्योर्न नावाचा माणूस आहे: त्या बेटावर सगळ्यात आधी रउदी फुंकली म्हणून हे नाव पडलं, असं तिथेच लिहिलंय.

हे खनिज तांबडं का म्हणायचं हा प्रश्न बरोबर आहे, कारण दलदलीतून काढलेला गोळा तपकिरी-पिवळट असतो. मुख्यतः गोएथाइट, पाणी धरून असलेला लोहाचा ऑक्साइड. भट्टीत घालण्याआधी तो उघड्या लाकडाच्या आगीत भाजतात. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पाणी सुटतं आणि त्याचं हेमेटाइट होतं. तेव्हा तो गडद तांबडा होतो, हाताला गेरूसारखा लागतो. कारागिराला नाव सुचतं ते या टप्प्यावर, असं माझं मत. भाजणं टाळलं तर भट्टीत वाफ सुटून ढेकळं फुटतात, भुगा होतो आणि हवेची वाट बंद होते.

पुढे मातीची उभी भट्टी, लोणारी कोळसा आणि खनिज आलटून पालटून, खालून भात्याची हवा. ११०० ते १२५० अंश. लोखंड वितळायला १५३८ लागतात, तेवढी आच मिळत नाही आणि नकोही असते. मळी (खनिजातला दगडमातीचा भाग) वितळून खाली वाहते आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागे राहतो, तो गरम असतानाच घणाने ठोकून मळी पिळून काढायची. हवा आणि कोळसा जास्त झाला तर लोखंड कार्बन पितं, वितळतं आणि बिडासारखं ठिसूळ होतं, घडता येत नाही. दलदलीच्या खनिजात फॉस्फरस बराच असतो, त्यामुळे तयार लोखंड थंड असताना ठोकलं की तडकतं.

न्यूफाउंडलंडच्या लाँस ओ मेडोजमध्ये नॉर्स लोकांच्या वस्तीत अशीच मळी सापडली. तिथली तोडलेली लाकडं १०२१ सालची ठरली आहेत.

---

ओसरी

म्हणजे लोह आणि रउता हे एकाच मुळाचे आणि दोन्हींचा अर्थ लोखंड. मग मूळ भारोपीय लोकांकडेच लोखंड होतं असं म्हणता येईल का?

---

जुनी_वही

नाही, आणि हा मोहाचा सापळा आहे. शब्द एक, अर्थाचा प्रवास दोन वेळा वेगवेगळा. इकडे तांबडा → तांबं → कुठलाही धातू → लोखंड. तिकडे तांबडा → भाजलेलं खनिज → (फिनिशमध्ये) लोखंड. मधले टप्पे जुळत नाहीत म्हणून 'लोखंड' हा अर्थ मुळात घालता येत नाही. मुळात फक्त रंग जातो. स्लाव्हिकमध्ये रुदा म्हणजे खनिज, तिथेही स्वतंत्रपणे.

अर्थाची पुनर्रचना ध्वनीपेक्षा नेहमी निसरडी. ध्वनीला नियम आहेत, अर्थाला फक्त सवयी.

---

उत्तररात्र

नॉर्स वंशजांबद्दल थोडं राहिलं. पश्चिमेकडे (आइसलँड, फेरो, नॉर्वेची नीनॉर्स्क) जोडस्वर टिकला: रउदुर, रेयुर, रउद. पूर्वेकडे (डेन्मार्क, स्वीडन) तो एकेरी झाला, र्‍योद. आइसलँडिकमधला शेवटचा उ जुना नाही. दर् असं एकत्र उच्चारणं जड म्हणून मध्ये घुसवलेला. त्याला मूळ -अज् चा अ समजून लोक फसतात. नपुंसकलिंगात रउत्त, कारण द + त = त्त.

आणि क्रियापदही होतं, *रेउदानन् 'तांबडं करणे'. नॉर्समध्ये र्‍योदा, बहुतेक वेळा रक्ताने शस्त्र तांबडं करण्यासाठी. भूतकाळी एकवचन रउद, अनेकवचनी मुळाचा स्वर उ. एउ-अउ-उ असा तिन्ही पायऱ्यांचा जिना एका क्रियापदात मिळतो. विशेषण मधल्या पायरीवर उभं आहे. उ च्या पायरीवर इंग्रजी रडी ('गालावर लाली असलेला') आणि रस्ट, 'गंज'. रस्टमध्ये द दिसत नाही, कारण पुढच्या -स्त- ने तो गिळला: *रुध्-स्-तो-.

---

मधली_सुट्टी

लॅटिन रुबेर मध्ये ब कुठून आला? ध चा द समजतो, ब नाही.

---

पाठभेद

लॅटिनमध्ये शब्दाच्या मधला ध साधारणपणे द होतो: मध्य, मेदिउस. पण शेजारी र, ल किंवा उ असेल तर ब: ऊधस् (गाईची कास), ऊबेर; इंग्रजीत अडर. त्याच नियमाने रुबेर. त्यापासून रुबी, रुब्रिक (पोथीतली तांबड्या शाईची ओळ), फ्रेंच रूज. गोवर-रुबेलाच्या लसीतला रुबेला म्हणजे 'तांबूस पुरळ'. त्याच रोगाला जर्मनमध्ये र्‍योटेल्न म्हणतात, रोट वरून.

ग्रीकचा एक दुवा आपल्या किनाऱ्याला लागतो. एरुथ्रा थालास्सा, 'तांबडा समुद्र', यात ग्रीक लोक आपला अरबी समुद्रही धरत. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या 'एरुथ्रियन समुद्राच्या पेरिप्लस'मध्ये (किनाऱ्यावरच्या बंदरांचं वर्णन देणारं ग्रीक पुस्तक) सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही गावं सुप्पारा, कल्लिएना, पैठाना, तगर अशा नावांनी आहेत. इरिट्रिया देशाचं नावही तिथूनच.

---

ओसरी

शेवटचा प्रश्न. *रउदज् म्हणजे नेमका कुठला तांबडा? जुन्या इंग्रजीत सोन्यालाही तांबडं म्हणतात असं दिसतं.

---

उत्तररात्र

आजच्या रेडपेक्षा खूप रुंद. नारिंगी, तपकिरी, सोनेरी झाक, कोल्ह्याचा, केसांचा रंग, सगळं त्यात. रॉबिन पक्ष्याची छाती खरं तर नारिंगी असते, तरी इंग्रजीत ती 'रेड' च. नारिंगी रंगाला इंग्रजीत स्वतंत्र नाव सोळाव्या शतकात आलं, तेही फळावरून, आणि त्या फळाचं नाव संस्कृत नारंगवरून. आइसलँडिकमध्ये अंड्यातल्या बलकाला आजही एग्यारउदा म्हणतात, 'अंड्याचं तांबडं'.

---

पाठभेद

मराठीतही तेच. तांबडा हा ताम्रपासून, म्हणजे आपल्याकडे धातूवरून रंग झाला. लोहाच्या बाबतीत रंगावरून धातू. आणि भोपळा कापला तर आत पिवळा-नारिंगी, बाजारात मात्र तांबडा भोपळाच.